मूठमाती

आमच्या बोरखेडीत येशूची देवळं दोन,
विहीर एक,
आणि कबरस्तानही एकच,
कारण मेलेल्यांसाठी दुसरी जागा कोणी देईना.

बाबा बुडीवाले,
हनोखकाका शिंपडणारे.
तीस वर्षं दर उन्हाळ्यात
दोघं मिळून कबरस्तानाचं कुंपण बांधत.
काका तुराट्या धरत, बाबा दोरी आवळत,
आणि वाद तिथंच चाले.
हात गुंतलेले असले
की बोट उगारता येत नाही, काका म्हणत.

"मेलेल्यावर मूठभर माती टाकून
पुरला म्हणते काय कोणी?
बाप्तिस्मा म्हंजे पुरणं.
सारं अंग पाण्याखाली गेलं पाह्यजे."

"अन् मे महिन्यात?
अडाण नदीत गुडघाभर पाणी नाई.
तुहा देव मिरगापर्यंत थांबते काय, बाप्पा?
अन् तो तुरुंगवाला,
अर्ध्या रात्री घरच्या लेकरांसकट...
तिथं कोणता डोह होता?"

नियम एकच होता.
उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं
आपल्या तोंडानं सांगायचं,
तो "व्हय, असंच" म्हणेपर्यंत.
कधी त्यातच दिवस मावळे.
"नाई, तू माह्यं म्हणणं लंगडं करून सांगतं.
पुन्हा सांग."
बाबा पुन्हा सांगत.
एकदा इतकं नीट सांगितलं
की डबा घेऊन आलेल्या दिनाकाकू म्हणाल्या,
"आता शिंपडूनच घ्या, भाऊजी."

सगळं काही असं गोड नव्हतं.
माझ्या लग्नानंतरच्या रविवारी
काका आमच्या देवळात पाहुणे आले,
आणि यवतमाळहून आलेल्या नव्या पाळकांनी
प्रभुभोजनाचं ताट
त्यांच्यापुढून तसंच सरकवलं.
शेजारी बाबा.
तुकडा उचलला आणि मुठीत धरून बसले.
खाल्ला नाही.

बाहेर आल्यावर काका चिडले ते बाबांवरच.
"तू काहून नाई खाल्लं?
पाळकाचं पटते ना तुले?"
"पटते."
"मंग?"
बाबांना सांगता येईना.

चार महिने बोलणं बंद.
कुंपण त्या साली अर्धंच राहिलं,
शेळ्या शिरल्या,
आजीच्या कबरीवरचा मोगरा खाऊन गेल्या.
मग एका सकाळी बाबा दोरी घेऊन निघाले.
काका तुराट्यांचा भारा टेकून
आधीच उभे होते.
माफी कोणी मागितली, मला ठाऊक नाही.

काका गेले तान्ह्या पोळ्याच्या दिवशी.
गाव म्हणालं,
चला, तीस वर्षांच्या वादाला मूठमाती मिळाली.
बाबा काही बोलले नाहीत.
सगळे एकेक मूठ टाकून निघाले, घरचेसुद्धा.
बाबा मागे राहिले, चौऱ्याहत्तर वर्षांचे,
हातात फावडं,
फावड्याला चिकटणारी ओली काळी माती,
आणि खड्डा पुरता भरेपर्यंत
त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही.

दिनाकाकूंनी काकांचं शास्त्र मला दिलं.
पुरलं जाण्याची गोष्ट येते त्या पानाच्या कडेला
पेन्सिलीनं बाबांचं अख्खं म्हणणं,
कुठंही लंगडं न करता.
खाली एक ओळ:
याले उत्तर सुचत नाई.

वाटलं, दाखवू नये.
दाखवलं तर बाबा जिंकतील
आणि हरायला समोर कोणी नाही.
तरी दाखवलं.

चष्मा पुसून त्यांनी दोनदा वाचलं.
"याले उत्तर हाय," म्हणाले,
"त्याच्या बाजूनं हाय. पेन्सिल आण."
आणि थरथरत्या अक्षरात लिहिलं,
मूठभर माती आपली.
आपण टाकून घरी जातो.
बाकी खड्डा दुसराच भरते.

"काका असं कधी म्हणाले?"
"म्हणाला असता."

पान मिटता मिटता त्यांनी पुन्हा उघडलं,
अगदी कोपऱ्यात, बारीक अक्षरात
आणखी एक ओळ लिहिली
आणि खाली सही केली:
मले पटत नाई.